बिनव्याजी ऊब

आमच्या नात्यात कुणाचं लग्न ठरलं, कुणाला दिवस गेले, किंवा कुणी नुसता नवा फ्लॅट घेतला, तरी पहिला त्रास मला होतो. कारण आई लगेच माळ्याकडे बघते. माळ्यावर जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची चार गाठोडी आहेत आणि माळ्यावर चढण्याजोगा पुरुष घरात मी एकटाच आहे. (वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून माझा जो आकार झाला आहे तो पाहता ‘चढण्याजोगा’ हा शब्द सवलतीच्या दराने वापरला आहे.) गाठोडं खाली येतं, घरभर शिंका होतात आणि पुढचे दोन महिने आमच्या साताऱ्याच्या घरात बाहेरच्या खोलीत गोधडी पसरलेली असते. तिच्यावर पाय द्यायचा नाही, तिला ओलांडायचं नाही. खोली दहा बाय अकरा. ते दोन महिने मी भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखा तिरका तिरका, कामावर जातो.

ज्यांनी गोधडी फक्त पांघरली आहे त्यांना वाटतं, जुने कपडे एकावर एक ठेवले की झाली. तसं नसतं. वर आणि खाली अख्खं लुगडं लागतं, मध्ये फाटकं-तुटकं चालतं. पण सगळं सुती, आणि शंभरदा धुऊन मऊ पडलेलं. नायलॉनच्या साड्यांना आईच्या दरबारात प्रवेश नाही. “ही साडी नव्हे, प्लास्टिक आहे. घाम कुठे जाईल?” म्हणते. मग कडेनं धावदोरा सुरू होतो आणि चारी बाजूंनी फिरत फिरत, आत आत, मधोमध येऊन थांबतो. मधली शेवटची वीतभर जागा शिवण्याआधी आई तिथे तांदळाचे चार दाणे टाकते. गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणतात. उंदरांचं काय, हा माझा प्रश्न गेली कित्येक वर्षं अनुत्तरित आहे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आईला टाका घालता येतो, पण सुईत दोरा ओवता येत नाही. ते काम माझ्याकडे आलं आहे. रोज बँकेत जाण्याआधी मी पंधरा सुया ओवून जुन्या उशीवर रांगेनं टोचून ठेवतो. संध्याकाळी येतो तेव्हा पंधराही रिकाम्या.

एकदा, म्हणजे एका मावसभावाच्या नातवाच्या बारशाच्या वेळी, मी आईला हिशेब करून दाखवला. दुपारचे तीन तास, दिवस साठ, म्हणजे १८० तास. आमच्याकडे नळ दुरुस्त करायला येणारा प्लंबर दहा मिनिटांचे तीनशे रुपये घेतो. तो दर लावला तर एक गोधडी तीन लाख चोवीस हजारांना पडते. एवढ्या रकमेला आमच्या शाखेत दोन जामीनदार आणावे लागतात. आणि हे आपण बारशाला देणार, तिथून परत काय येणार, तर एक स्टीलचा डबा!

आईनं दाताने दोरा तोडला. “मग? गिऱ्हाईक आणतोस का प्लंबरला?”

मी बी. कॉम. आहे. वर्ग कोणता मिळाला ते विचारू नका, पण व्यापारी कायद्याची दोन कलमं तेवढी डोक्यात राहिली आहेत. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २५ सांगतं, की मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल. याला अपवाद आहेत, त्यातला एक जवळच्या नात्यातल्या नैसर्गिक प्रेमाचा आणि मायेचा. पण ते वचन लेखी हवं आणि नोंदवलेलं हवं. म्हणजे सरकारला माया मान्य आहे, फक्त ती नोंदणी कार्यालयात रांग लावून आली पाहिजे. दुसरं, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२२. भेट म्हणजे राजीखुशीनं, मोबदल्याशिवाय दिलेली वस्तू. आणि घेणाऱ्यानं, देणारा जिवंत असेपर्यंत, ती स्वीकारली पाहिजे. हे दुसरं कलम मी परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं. ते समजलं फार उशिरा.

त्याआधी कुत्र्याचं सांगतो.

मे महिन्यात पुण्याला काम होतं म्हणून त्याच मावसभावाकडे उतरलो. वहिनींनी चहा टाकला. मी बाल्कनीकडे पाहिलं तर तिथे एक तांबूस, गलेलठ्ठ, चांगल्या घरातला कुत्रा झोपला होता. आणि त्याच्याखाली तीन लाख चोवीस हजार रुपये पसरलेले होते.

वहिनींच्या लक्षात आलं. “भाऊजी, काय सांगू, बाळाला एसीत ब्लँकेट लागतं हो. आणि या मेल्याला दुसरं काही चालतच नाही. धुवायला काढली तर तारेखाली बसून रडतो.” मी “हो का, वा,” म्हणालो. चहा कडू लागला. कुत्र्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, हनुवटी बरोबर मधोमध, तांदळावर ठेवली आणि पुन्हा झोपला.

एस. टी.त मला राग आवरेना. पण नेमका कशाचा, हे ठरेना. भेट एकदा दिली की देणाऱ्याचा हक्क संपतो, हे कलम सांगतं. मग मी कोण विचारणारा? घरी आलो तर आईचा पहिला प्रश्न तयार, “वापरतात का रे गोधडी?”

“रोज,” मी म्हणालो. “अगदी अंगाखाली.”

आता यात खोटं काही नाही. धर्मराजानं ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटलं, मी ‘नरो वा कुत्रो वा’ म्हटलं. पुढे हाच धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला तयार नव्हता, हे आठवून मला जरा बरं वाटलं. आई खूश झाली. मला मात्र जेवण गेलं नाही.

रात्री मी गीता काढली. माणूस गीता काढतो ती बहुधा आपल्या बाजूनं निकाल लागावा म्हणून. सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार दिलेत. परतफेड न करणाऱ्याला, योग्य जागी, योग्य वेळी, द्यायचं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीवर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेलं ते राजस. अपात्राला, अवेळी, अनादरानं दिलेलं ते तामस. त्या दृष्टीनं पाहिलं तर परतफेड न करू शकण्यात कुत्र्याचा हात कोण धरणार? पण मग आईचं काय? तिला स्टीलचा डबा नको असतो, हे खरं. पण “वापरतात का” हे ऐकायचं असतंच ना? ही परतफेड म्हणायची का? मुद्दल सोडलं आणि व्याजावर जीव, असं तर नाही? मी हे सगळं बायकोला समजावून सांगितलं. ती उशांना अभ्रे घालत होती.

“आणि अहो, आपली गोधडी कुठे आहे?” ती म्हणाली.

आपली गोधडी कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसह होती. आमच्या लग्नात आईनं दिलेली. वरचं लुगडं तिचं, आत अण्णांची धोतरं. खराब होईल म्हणून मी ती सतरा वर्षांत दोनदा पांघरली असेन. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. आणि दहा वर्षं कुणी फिरकलं नाही की पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात, २०१४ पासून तसा नियमच आहे. मी ग्राहकांना हे दिवसातून चारदा ऐकवतो. त्या हिशेबानं आमची गोधडी केव्हाच मुंबईला जायला हवी होती. कुत्र्याचं खातं निदान चालू होतं.

त्या रात्री मी ती पांघरली. मे महिना. घामाघूम झालो, डांबराच्या वासानं डोकं चढलं. पण कडेला एका जागी शिवण उसवली होती, आणि आतल्या धोतरावर लाल शाईचा एक डाग दिसला. अण्णा मास्तर होते, पेपर घरी तपासायचे, मांडीवर घेऊन. ते जाऊन दहा वर्षं झाली. हा डाग कपाटात आहे, याचा मला पत्ता नव्हता.

पावसाळा संपता संपता आईनं पुन्हा गाठोडं काढायला सांगितलं. कुणासाठी, विचारलं तर म्हणाली, “वाईच्या वहिनींना.”

मी स्टुलावरच थांबलो. वाईच्या काकू म्हणजे आईच्या थोरल्या जाऊबाई. २०११ साली वाड्याची वाटणी झाली तेव्हा तांब्याचा बंब कुणाकडे जावा यावरून दोघींचं बोलणं बंद झालं, ते आजतागायत. बंब काकूंकडे आहे. “बंबही त्यांच्याकडे आणि ऊबही आपणच पाठवायची?” मी म्हणालो. “आणि नाही घेतली तर? कलम १२२ प्रमाणे...”

“त्यांना थंडी सोसत नाही,” आई म्हणाली. “तुझ्या वेळी, त्या वाड्यात, माझ्या अंगावर स्वतःची वाकळ टाकून त्या घोंगडीवर निजल्यात. महिनाभर. तू गाठोडं काढ.”

मी गाठोडं काढलं. त्या गोधडीला अडीच महिने लागले. टाके कुठे वाकडे, कुठे लांब. मी काही बोललो नाही. सुया ओवत राहिलो.

कार्तिकात एका रविवारी मी ती घेऊन वाईला गेलो. काकूंनी चहापाणी विचारलं, मुलांचं विचारलं, आईचं विचारलं नाही. मी गोधडी पुढे केली. “आईनं दिलीय.”

काकू बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग मांडीवर घेतली, उलटी केली आणि शिवणीवरून बोट फिरवत कडेपासून मधोमध गेल्या.

“टाके फार मोठे झालेत तिचे,” त्या म्हणाल्या. “डोळे कुणाला दाखवले की नाही?”

“ऑपरेशन झालं दोन वर्षांपूर्वी.”

“आणि मला कुणी कळवलं नाही.” त्या उठून आत गेल्या. येताना हातात कापडी पिशवी. “हे तिला दे. मला काय करायचंय? पण कापड चांगलं आहे म्हणावं.”

घरी आल्यावर आईनं पिशवी उघडली. वरच काळं लुगडं होतं. तिनं ते बोटांत धरून चुरगाळून पाहिलं. “चंद्रकळा. वहिनींची पहिल्या संक्रांतीची.” मग पुष्कळ वेळानं, “टाक्यांना काय म्हणाल्या?”

मला एकदम पुण्याचा कुत्रा आठवला.

“मोठे झालेत म्हणाल्या.”

“झालेतच,” आई म्हणाली. “उद्या जरा बारीक सुया ओव.”