आडनाव नसलेली माणसं, जात असलेली कुत्री

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आणि २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस झाली की कुत्रं पुन्हा त्याच्या जागी सोडायचं, रेबीजचं किंवा अंगावर येणारं तेवढं ठेवून घ्यायचं, असं ठरलं. त्या दिवसांत घरोघर जी भांडणं झाली, त्यातलं एक माझ्या वाट्याला आलं. पुण्यातल्या एका परिसंवादात एक अभ्यासक बोलले. त्यांचं लेखन मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. त्यांचं म्हणणं असं, की रस्त्यावरच्या कुत्र्याचा प्रश्न मुळात घरातल्या कुत्र्यापासून सुरू होतो. माणसांत जात उघडपणे मिरवता येईना, तेव्हा वरच्या वर्गाने ती कुत्र्यांत मिरवायला घेतली. फ्लॅटमध्ये ग्रेट डेन पाळणं म्हणजे जातिव्यवस्थाच चार पायांवर उभी करणं. टाळ्या पडल्या. माझ्या घरी ग्रेट डेन आहे. रेवा तिचं नाव, वजन ५८ किलो. मी उठून काही बोलू शकले नाही. दोन महिने मनात जुळवलेलं उत्तर आता लिहायला बसले आहे, पण ते मला हवं होतं तसं आलेलं नाही.

पहिला राग आला तो तुलनेचाच. महाडचं चवदार तळं १९२७ मध्येही गुराढोरांना मोकळं होतं, कुत्र्यामांजरांना मोकळं होतं, आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना बंद होतं. ज्या देशात कुत्र्याला मिळणारं पाणी माणसाला नाकारलं गेलं, तिथे कुत्र्यांच्या प्रकारांना 'जातिव्यवस्था' म्हणताना जीभ अडखळायला हवी. जात म्हणजे ती सोसणाऱ्याचा रोजचा अपमान. रेवाला आपण ग्रेट डेन आहोत हे माहीत नाही. वॉचमनच्या पोळीसाठी ती सोसायटीतल्या गावठी कुत्रीच्या शेजारी शेपूट हलवत उभी राहते. एवढंच लिहून थांबायचं, असं मी ठरवलं होतं. पण एक संदर्भ तपासायला डॉ. आंबेडकरांचा १९१६ चा निबंध काढला आणि माझं उत्तर हातातून निसटलं.

'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. विटाळ, रोटीबंदी, वंशपरंपरागत धंदा ही त्या काळी सांगितली जाणारी जातीची सगळी लक्षणं ते एकेक करून बाजूला ठेवतात आणि एकाच गोष्टीवर बोट ठेवतात: लग्न आतल्या आतच लावायचं. समाजात वर्ग सगळीकडे असतात आणि त्यांची दारं किलकिली असतात. एका वर्गाने दार आतून बंद केलं, बाकीच्यांनी त्याचं अनुकरण केलं, काहींच्या तोंडावर दार बंद झालं, आणि वर्गाची जात झाली. जात म्हणजे बंद झालेला वर्ग. हे मी पूर्वी अनेकदा वाचलं होतं. या वेळी वाचताना मात्र डोळ्यासमोर लंडनचा केनेल क्लब आला.

कारण कुत्र्यांचं नेमकं हेच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुत्र्यांच्या प्रकारांची नावं ही बहुतेक कामाची नावं होती. पॉइंटर म्हणजे शिकारीचा वास आला की थबकून तिच्याकडे नाक रोखणारा. धनगराकडे मेंढरं राखणारा कुत्रा उमदा निघाला, की त्याची पिल्लं मागायला पंचक्रोशीतून लोक येत. त्याचा बाप कोण हे कुणी विचारत नसे. १८५९ मध्ये न्यूकॅसलला पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. १८७३ मध्ये केनेल क्लब निघाला आणि त्याने वंशावळीची वही सुरू केली. वहीत नाव असलेल्या आईबापांचंच पिल्लू वहीत, बाकीची बाहेर, असा नियम हळूहळू पक्का होत गेला. कामावरून ओळखला जाणारा वर्ग जन्मावरून ओळखली जाणारी जात झाला. आज आपल्याकडे पिल्लू घ्यायला गेलं की पहिला प्रश्न असतो, 'पेपर आहेत का?'. तो पेपर म्हणजे तशाच वहीचं पान.

बंद दाराआड काय होतं, ते डाल्मेशियनच्या गोष्टीत लख्ख दिसतं. नोंदणी झालेल्या सगळ्या डाल्मेशियनांमध्ये एक दोष होता: लघवीतून युरिक अॅसिड जास्त जायचं, काहींना खडे व्हायचे, नर तडफडायचे. ठिपक्यांच्या मागे लागता लागता हा दोष सगळ्या जातीत पसरला असावा, असं मानतात. १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने एका डाल्मेशियनचा एकदाच पॉइंटरशी संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनशीच जोड लावली. निरोगी पिल्लं झाली, दिसायला अस्सल डाल्मेशियन. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यातली दोन नोंदवली. लगेच त्या जातीच्या मालकांच्या संघटनेने हरकत घेतली आणि नोंदणी थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला २०११ उजाडलं. तोवर पॉइंटरच्या रक्ताचा अंश टक्क्याच्या बारीकशा तुकड्याएवढा उरला होता, आणि तेवढ्यासाठी तीस वर्षं हजारो कुत्र्यांना मुतखडे होऊ दिले. का, तर एक पूर्वज परका होता. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. अभ्यासकमहाशयांना डाल्मेशियनची गोष्ट माहीत होती की नाही, कोण जाणे. पण वहीच्या बाबतीत ते स्वतःला वाटतं त्याहून जास्त बरोबर होते.

रेवाच्या देहावर हा इतिहास लिहिलेला आहे. ग्रेट डेनचं आयुष्य सात ते दहा वर्षांचं. कुत्र्यांच्या जातींवरचा २०१३ चा एक अभ्यास सांगतो की वजनाच्या दर २ किलोमागे आयुष्य सरासरी महिनाभराने घटतं. या जातीत हृदयाचे स्नायू सैल पडतात, खुबे झिजतात. आणि रात्री जेवून झोपलेल्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ बसतो, तो काही तासांत जीव घेऊ शकतो. डेन पाळणाऱ्या घराला पोटावर थाप मारून आवाज ऐकायची सवय लागते. ढोलकीसारखा वाजला की चपला न घालता गाडी काढायची. हे सगळं आम्ही 'भारदस्त' या शब्दासाठी विकत घेतलं. 'जातिवंत' हा शब्द मराठीत कौतुकाचा आहे आणि 'गावठी' हिणवण्याचा. या दोन शब्दांनी पिल्लांच्या बाजारात केवढं काम केलं आहे, ते कुणीतरी मोजायला हवं.

आता दुसरी बाजू, आणि ती मी सोडणार नाही. कुत्र्याची वही बंद आहे म्हणून ते पाळणारी माणसंही बंद आहेत, ही उडी चुकीची आहे.

घराजवळच्या टेकडीवर पहाटे साडेपाचला आम्ही कुत्री पाळणारे जमतो. मोठ्या कुत्र्यांना ऊन चढायच्या आत फिरवावं लागतं. सेंट बर्नार्ड तर मार्चपासून सातच्या पुढे धापा टाकतो. नऊ वर्षं मी तिथे जाते आणि निम्म्याहून जास्त माणसांची आडनावं मला माहीत नाहीत. 'ब्रूनोचे बाबा', 'सिंबाची आई', 'रॉकीवाले काका', आणि मी 'रेवाची आई'. महाराष्ट्रात आडनाव विचारणं म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. पहिल्या भेटीत नाव सांगितल्यावर 'पूर्ण नाव?' असं विचारणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. टेकडीवर विचारतात ते वजन किती, वय किती, जुलाब थांबले का, गोचिडांवर कुठली गोळी देता. कोंबडीच्या पायांचा भाव विचारतात. म्हातारं कुत्रं जिन्यावरून कसं उतरवायचं ते एकमेकांना दाखवतात: सतरंजीची चार टोकं, चार माणसं, डोकं वरच्या बाजूला. असं कुत्रं एकट्याने उचलता येत नाही. त्या वजनानेच आम्हाला एकमेकांच्या दारात नेलं. माझ्या इमारतीतल्या तीन बिऱ्हाडांत मी पहिल्यांदा गेले ती सतरंजी धरायला.

इथे पुन्हा आंबेडकरच. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये समाज कशाने बनतो यावर एक परिच्छेद आहे. माझ्या मते त्या पुस्तकातला तोच सर्वांत कमी वाचला जातो. सारख्या चालीरीती असल्या म्हणजे समाज होत नाही, असं ते मांडतात. सगळ्या जाती तेच सण आपापल्या घरी समांतर करत राहिल्या तरी त्या एक होत नाहीत. एकाच कामात भागीदारी हवी, त्यातलं यश आपलं आणि अपयशही आपलं वाटायला हवं. या कसोटीवर प्रदर्शनातले एकाच जातीचे पन्नास मालक म्हणजे समाज नव्हे. त्यांची समांतर हौस आहे. सतरंजीची चार टोकं धरणारे चार जण हा समाज आहे. हे अभ्यासकमहाशयांना दिसलं नाही, कारण त्यांनी पट्ट्याच्या एकाच टोकाकडे पाहिलं.

मात्र ही कसोटी आम्हालाही लावायला हवी, आणि त्यात आम्ही एकदा साफ नापास झालो.

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं: २३ जातींची कुत्री माणसाला धोकादायक, त्यांची आयात, पैदास, विक्री बंद करा, आहेत त्यांची नसबंदी करा. यादीत रॉटवायलर होता. ग्रेट डेन नव्हता. रॉकी रॉटवायलर. त्याचे काका रिक्षा चालवतात. परदेशी गेलेल्या एका कुटुंबाने जाताना रॉकी त्यांच्याकडे सोडला होता. त्यांच्या इमारतीत नोटीस लागली. टेकडीवर कुणीतरी सुचवलं, काकांनी काही दिवस उशिरा यावं, उगाच लोकांच्या डोळ्यांवर नको. मी तिथे उभी होते आणि गप्प राहिले. रेवाची जात यादीत नाही, याचं मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याला दुसरं नाव नाही. वरच्या पायरीवर उभं असलेल्याला खालच्याकडे पाहून जे वाटतं, तेच ते. रॉकीने कधी कुणाला दात दाखवले नव्हते. २०२२ मध्ये अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एकेका कुत्र्याच्या स्वभावातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता आले. १० एप्रिल २०२४ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. काका पुन्हा साडेपाचला येऊ लागले. त्यांनी आम्हाला काही म्हटलं नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका सकाळी, पगारावर चार कुत्री फिरवणारा पोरगा काकांना म्हणाला, "काका, याच्या हिरड्या बघा, पांढऱ्या पडल्यात." हा पोरगा सहा वर्षं आमच्याबरोबर टेकडी चढत होता आणि आमच्या व्हॉट्सअॅप गटात नव्हता. त्याला घ्यायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. रॉकीला गोचीडताप होता, हिमोग्लोबिन चारच्या खाली. रक्त हवं होतं. दाता २५ किलोच्या वरचा, निरोगी, लसी झालेला लागतो. साधारण ४५० मिलिलिटर काढतात. रेवाने दिलं. पंधरा-वीस मिनिटं ती टेबलावर कुशीवर पडून होती, मी तिचा कान चोळत होते आणि काका दाराशी उभे होते.

पुढच्या फेब्रुवारीत रेवाला तोच ताप आला. रात्री अकराला मी गटावर लिहिलं. काही कुत्री म्हातारी होती, काहींची लस राहिली होती. पहाटे दोनला तो पोरगा काकांच्या रिक्षातून टिप्याला घेऊन आला. टिप्या त्या पोराच्या आईच्या हातचं खाऊन बांधकामाच्या जागेवर वाढलेला गावठी कुत्रा, वजन २७ किलो, पालिकेच्या मोहिमेत नसबंदी झालेला, कान कापलेला. लसी त्या पोराने स्वतःच्या पैशाने टोचून घेतल्या होत्या. डॉक्टरांनी रक्त जुळवून पाहिलं. जुळलं. रेवाच्या पेपरवर तीन पिढ्यांची नावं आहेत. त्या रात्री ती जगली ती ज्याचा बाप कुणालाच माहीत नाही अशा कुत्र्यामुळे.

अभ्यासकमहाशयांना माझं उत्तर हे. वहीबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. रेवानंतर मी पेपरचं पिल्लू विकत घेणार नाही. आणि जे घेतील त्यांनी पेपरऐवजी आईबापांच्या खुब्यांचे एक्सरे आणि हृदयाचे अहवाल मागावेत. पण कुणाच्या घरात कुठल्या जातीचं कुत्रं आहे यावरून त्या माणसाचं मन ठरवणं, हे त्या मार्चच्या यादीसारखंच जन्मावरून निकाल देणं झालं. तुम्ही एकदा पहाटे टेकडीवर या. पूर्ण नाव कुणी विचारणार नाही.

आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी २५ किलोच्या वरचं, आठ वर्षांच्या आतलं निरोगी कुत्रं आहे, मग ते कुठलंही असो, त्यांनी त्याच्या लसी पूर्ण कराव्यात, रक्तगट तपासून घ्यावा आणि आपला नंबर जवळच्या व्हेटकडे देऊन ठेवावा. रक्त देणाऱ्या कुत्र्यांच्या आमच्या यादीत सध्या अकरा नावं आहेत. पहिलं टिप्याचं आहे.