नकाराला जागा नसलेला भाव

पुण्याच्या रिंगरोडसाठी होणाऱ्या भूसंपादनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : ‘पाचपट भाव मिळतोय, आता तक्रार कसली?’ हे म्हणणारे निष्ठुर नसतात, बहुतेकांना शेतकऱ्याचे भलेच व्हावेसे वाटते. पण वाक्य उथळ आहे. भाव आणि मोबदला हे दोन वेगळे व्यवहार त्यात एकाच मापाने मोजले जातात. इतरांकडून अशी गल्लत झाली तर समजू शकते, मुळशी तालुक्याकडून ती होऊ नये.

1921चा मुळशी सत्याग्रह, म्हणजे धरणात जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांचा लढा, इथे नव्याने सांगायला नको. सेनापती बापट, मुळा-नीलेच्या खोऱ्यात पाण्याखाली गेलेली गावे, टाटांचे धरण, भिऱ्याला तयार होऊन मुंबईच्या गिरण्यांकडे गेलेली वीज, हे सारे वाचकांना ठाऊक आहे. त्यातली एकच फूट मला महत्त्वाची वाटते. कागदोपत्री मालक असलेल्या पुण्याच्या सावकारांचा कल मोबदला वाढवून घेण्याकडे होता. खाचरात चिखल तुडवणारा मावळा मात्र ‘जान किंवा जमीन’ म्हणत होता. सावकार आकड्यावर घासाघीस करत होते. मावळ्याचा प्रश्न आकड्याच्या आधीचा होता.

आजचे अर्थशास्त्री याला सोपे उत्तर देतात. त्यांच्या मते मुळशीत, आणि पुढे प्रत्येक धरणावर, संघर्ष झाला तो किंमत कमी लावली म्हणून. योग्य बाजारभाव द्या, प्रश्न मिटेल. हे मत आज सरकारी कचेरीपासून वृत्तवाहिनीपर्यंत सर्वमान्य आहे, म्हणून त्याच्याशीच नीट भिडले पाहिजे. दोन व्यक्तींच्या संमतीतून ठरतो तो बाजारभाव. समोरच्याचा आकडा पटला नाही तर ‘नाही विकायची’ म्हणून घरी जाता येते, आणि ते शक्य असते म्हणूनच त्या आकड्याला अर्थ असतो. सक्तीच्या संपादनात हा नकारच नसतो. मग जो आकडा मिळतो तो शेजारच्या कुणाच्या तरी खुशीच्या सौद्यावरून उसना आणलेला असतो. ज्याला विकायचे होते त्याचा भाव, ज्याला विकायचे नव्हते त्याला लावलेला.

मी हे ताणून बोलत नाही. 1894च्या भूसंपादन कायद्यानेच ते लिहून ठेवले होते. मोबदला ठरवताना काय विचारात घ्यायचे नाही, त्याची यादी कलम 24मध्ये होती. जमीन सोडण्याची मालकाची नाखुशी विचारात घ्यायची नाही. संपादनानंतर जमिनीचा जो वापर होणार, त्यामुळे वाढणारे मोलही धरायचे नाही. मुळशीपुरता याचा अर्थ स्पष्ट आहे. टाटांच्या कंपनीला खोरे हवे होते ते तिथल्या पावसासाठी आणि कोकणात उतरणाऱ्या कड्याच्या उंचीसाठी, पण कायद्याच्या हिशेबात ती फक्त भाताची खाचरे होती. अर्थशास्त्री म्हणतील, मग ते मोलही धरा. जरूर धरावे. तरीही यादीतली नाखुशी उरतेच, आणि ती कुठल्याही दरात बसत नाही.

कायद्यालाही हे बोचत असावे. संपादन सक्तीचे असल्याबद्दल त्याच कायद्याने बाजारभावावर 15 टक्के वर दिले. 1984मध्ये ते 30 झाले आणि 2013च्या कायद्यात दिलासा रक्कम म्हणून 100 टक्के. ही वाढ न्याय्य आहे, तिच्यासाठी लोक झगडले आहेत आणि तिला कमी लेखणे पाप ठरेल. पण टक्के वाढले म्हणून सक्ती कमी झाली, असे होत नाही. रिंगरोडसाठी मुदतीत संमती देणाऱ्याला 25 टक्के जादा देऊ केले गेले. संमती दिली नाही तरी जमीन जाणारच असेल, तर ती रक्कम संमतीची म्हणता येत नाही. ती लवकर सही करण्याची आहे.

‘जमीन आई आहे, तिला मोल नसते’ हे म्हणणे मला पटत नाही. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमिनी विकत-घेत आला आहे. आणि देशासाठी त्याग हवा म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचा सातबारा पुढे करावा.

हिंजवडीच्या आसपास, भूगाव-पिरंगुटकडे अनेकांनी आपणहून जमिनी विकल्या आणि नंतर दर आभाळाला भिडले. तिथे ‘भाव कळला नाही’ ही चर्चा रास्त आहे, कारण विकणाऱ्याला थांबण्याची मुभा होती. ती मुभाही नेहमी पुरी नसते. कर्ज आणि लग्नकार्य तिला कुरतडतात, रस्त्याने तुकडे पडलेले शेत तिला जवळजवळ संपवते. तरी जवळजवळ संपणे आणि कायद्याने संपवणे यांत फरक आहे, आणि माझा सगळा आग्रह त्या फरकाचा आहे.

सरकारने कधीच जमीन संपादित करू नये, असे मी म्हणत नाही. रस्ते लागतात, इस्पितळे लागतात. पण संपादनाच्या निवाड्यात रकमेशेजारी एक नोंद असावी : किती खातेदारांनी नाही म्हटले, आणि तरी प्रकल्प का आवश्यक ठरला. रक्कम मोठी झाली की हे उत्तर देण्याची जबाबदारी संपते, असे आपण मानू लागलो आहोत. माणसाचा नकार डावलून त्याला दिलेल्या पैशाला भाव म्हणणे आधी थांबवले पाहिजे. तो मोबदला आहे, आणि मोबदला देणाऱ्याने आकड्याबरोबर कारणही दिले पाहिजे.