पादचाऱ्याचा हात

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेस उतरून स्वामी विवेकानंद मार्ग ओलांडणाऱ्या मनुष्याकडे क्षणभर लक्ष देऊन पाहिलें, तर एक गोष्ट दृष्टीस पडते. तो प्रथम उजवीकडे पाहतो, भाजीची पिशवी डाव्या हातांत घेतो, आणि उजवा हात खांद्यापर्यंत उचलून, तळवा येणाऱ्या गाडीकडे करून, पाऊल खालीं टाकतो. दिवा हिरवा आहे कीं तांबडा, पायांखालीं पांढरे पट्टे आहेत कीं पुसले गेले आहेत, याची तो फारशी चौकशी करीत नाहीं. त्याचा सारा भरंवसा त्या उचललेल्या हातावर असतो. आणि नवलाची गोष्ट ही कीं, बहुधा रिक्षा थांबते. या हाताला काय म्हणावें? ती आज्ञा आहे, विनंती आहे, कीं भिक्षा आहे? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण आम्ही रोज घरून निघून घरीं सुखरूप परत येतों तें कोणाच्या हक्कानें व कोणाच्या कृपेनें, हेंच त्यांत विचारलें आहे.

हा रस्ता पूर्वीं घोडबंदर रोड म्हणून ओळखला जाई, आणि घाटकोपर-मुलुंडकडचा लाल बहादूर शास्त्री मार्ग हा आग्रा रोड. साष्टींतील गांवांमधून जाणारे ते रस्ते होते. 1950 व 1957 सालीं हीं उपनगरें टप्प्याटप्प्यानें मुंबईच्या हद्दींत आलीं आणि पुढें गांवांचें शहर झालें. रस्त्यावरून चालण्याचा मनुष्याचा हक्क या काळांत कोणत्याही कायद्यानें रद्द केला नाहीं. तो नुसता झिजत गेला. रस्ता रुंद करतांना पदपथ दोन हात आंत सरला. मग त्यावर विजेची पेटी आली, दुकानाची पायरी आली, उभी मोटारसायकल आली. आणि शेवटीं ज्याचा तो पदपथ होता तो मनुष्य खालीं उतरला व गाड्यांच्या कडेनें चालूं लागला. या पायउताराची तारीख कोणत्याही दप्तरांत सांपडणार नाहीं. म्हणूनच त्याविरुद्ध तक्रारही नीट करतां येत नाहीं.

14 मे 2025 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असें स्पष्ट केलें कीं, पादचाऱ्यास पदपथ मिळणें हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. निर्णय वाचून आम्हांस समाधान वाटलें, आणि थोडी लाजही वाटली. श्वास घेण्याइतकी साधी गोष्ट न्यायालयास उच्चारून सांगावी लागते, याचा अर्थ समाज ती विसरला होता असाच होतो. 2022 सालीं या देशांत रस्त्यांवर 1,68,491 माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांपैकीं 32,825 पायीं चालणारीं होतीं. या मृत्यूंना आपण ‘अपघात’ म्हणतों. अकल्पित म्हणून जें घडतें त्यास हा शब्द शोभतो; पण जें दरवर्षीं जवळजवळ त्याच प्रमाणांत घडतें आणि पुढील वर्षींही घडणार हें सर्वांस ठाऊक असतें, तें अकल्पित कसें? स्वीडनच्या पार्लमेंटानें 1997 सालीं ‘शून्य मृत्यूं’चें ध्येय मान्य केलें, त्यामागें हीच विचारसरणी होती: मनुष्य चुकणारच, तेव्हां त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यु ठरूं नये अशा रीतीनें रस्ता बांधणें हें बांधणाराचें काम आहे. यांत पदार्थविज्ञानाचा एक साधा नियमही आहे. गतीचा आघात तिच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो; ताशीं 30 किलोमीटरांऐवजीं 50 नें येणारी गाडी जवळजवळ तिप्पट शक्तीनें आदळते. चालकाला मधला फरक घाईचा वाटतो. समोरच्याला तो जिवाचा असतो.

यावर आमचे एक मित्र नेहमीं म्हणतात कीं, लोकच बेशिस्त आहेत. पूल असून रूळ ओलांडतात, पट्टे सोडून पळतात. हें खोटें नाहीं. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर 2023 व 2024 या दोन्ही वर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें मेलीं, आणि रूळ ओलांडणें हें त्याचें मोठें कारण. परंतु मुलुंडच्या एखाद्या वृद्ध बाईस पलीकडच्या दवाखान्यांत जाण्यासाठीं दोन मजले चढून दोन मजले उतरावे लागत असतील, तर ती बेशिस्त नसून थकलेली आहे, असें आम्ही म्हणूं. शिस्त ही देवघेवीची वस्तु आहे. ज्या रस्त्यानें पादचाऱ्याला कांहीं दिलें नाहीं, त्या रस्त्याला त्याच्याकडे शिस्त मागण्याचा अधिकार कितपत उरतो?

2008 पासून उपनगरांतील स्टेशनांबाहेर बांधले गेलेले आकाशमार्ग याच दृष्टीनें पाहण्याजोगे आहेत. गर्दीच्या वेळीं त्यांचा उपयोग होतो, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु त्यांच्या मुळाशीं असलेला विचार असा कीं, जमीन गाड्यांची आहे, माणसानें वरून जावें. ज्याच्याजवळ इंजिन आहे त्यानें सपाटीवरून जावयाचें आणि ज्याच्याजवळ गुडघेच तेवढे आहेत त्यानें जिना चढावयाचा, ही वांटणी उलटी आहे.

सायकलीची कथा तर विनोदी म्हणावी अशी आहे. वांद्रे-कुर्ला संकुलांत सायकलींसाठीं मार्ग आंखला गेला, त्यावर गाड्या उभ्या राहूं लागल्या. पवई तलावाच्या कांठानें मार्ग बांधावयास घेतला, तो मुंबई उच्च न्यायालयानें 6 मे 2022 रोजीं बेकायदेशीर ठरविला. आणि तें योग्यच झालें, कारण तलावाची पाणथळ जागा बुजवून सायकलस्वाराची सोय करणें म्हणजे एका दुबळ्याचें घेऊन दुसऱ्यास देणें. मुलुंडपासून शीवपर्यंत तानसा जलवाहिनीच्या कडेनें 39 किलोमीटरांचा मार्ग योजला होता. तोही ठरला तसा पुरा झाला नाहीं. तलावाचा कांठ, नळाचा कांठ, जेथें म्हणून मोटारीला नको असलेली जागा आहे, तेथें सायकल पाठविण्याची ही हौस! पण पहांटे पाव घेऊन निघणारा, दूध घालणारा, रात्रपाळी करून परतणारा पहारेकरी, हे तलावाकांठीं सहलीला जात नाहींत. ते लाल बहादूर शास्त्री मार्गावरच असतात, बसच्या आणि गटाराच्या मधल्या वीतभर जागेंत.

आतां स्वयंचलित वाहनांकडे वळूं. घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो 2014 सालीं सुरू झाली; त्यानंतर अंधेरी-दहिसरच्या ज्या मार्गिका झाल्या त्यांवरील गाड्या चालकाविना चालविण्याजोग्या बनविलेल्या आहेत, आणि भुयारी मार्गिकेवर तर फलाट व रूळ यांच्यामध्यें काचेचे दरवाजेच आहेत. यंत्र येथें निर्धोक चालतें, कारण त्याच्या वाटेंत मनुष्य येऊंच शकत नाहीं. रस्त्याचें तसें नाहीं. 18 मार्च 2018 रोजीं रात्रीं अमेरिकेंत आरिझोना संस्थानांतील टेंपी गांवीं हातानें सायकल ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला उबर कंपनीच्या स्वयंचलित मोटारीनें ठार केलें. चौकशींत असें आढळलें कीं, यंत्रानें तिला कांहीं सेकंद आधीं पाहिलें होतें. परंतु ती वाहन आहे, सायकल आहे, कीं अन्य कांहीं वस्तु आहे, याचा निश्चय त्याला होईना. पट्टे सोडूनही मनुष्य रस्ता ओलांडूं शकतो, ही गोष्ट त्याला शिकविलेलीच नव्हती. पुढें शिक्षा झाली ती आंत बसलेल्या देखरेखीच्या बाईला. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाहीं.

ही घटना आम्हांस अंधेरीच्या चौकांत पुन:पुन्हा आठवते. येथें तर पट्टे सोडून ओलांडणें हाच नियम. रिक्षावाला उचललेला हात पाहतो, हाताच्या मागचा चेहरा पाहतो, कडेवरचें मूल पाहतो, आणि शिवी हांसडीत कां होईना पण ब्रेक दाबतो. त्याच्या त्या अर्ध्या क्षणांत जो निर्णय होतो, तो यंत्राला आगाऊ लिहून द्यावा लागेल: कोणासाठीं थांबावयाचें, किती अंतरावरून, आणि संशय आला तर कोणाच्या बाजूनें. यंत्राचा आम्हांस उपकारच वाटतो तो येथें. मनुष्यानें आजवर मनांत झांकून ठेवलेली किंमतपट्टी त्याच्यापुढें कागदावर मांडावी लागते. 2017 सालीं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीं चालकाविना मोटारींना येथें परवानगी देणार नाहीं असें सांगितलें. कारण दिलें तें चालकांच्या रोजगाराचें. कारण वजनदार आहे, पण रस्ता ओलांडणाऱ्याचा प्रश्न त्यांत आला नाहीं. उद्यां परवानगी मिळाली, तर यंत्राच्या सोयीसाठीं मनुष्यालाच कुंपणांत घालण्याची मागणी होईल, अशी आम्हांस भीति वाटते.

आणि दोष कोणाचा? मरोळला भाजी विकणाऱ्या एका गृहस्थाचा सोळा वर्षांचा मुलगा 2015 च्या जुलैंत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर, पाण्यानें भरलेल्या खड्ड्यांत दुचाकी आदळून, मरण पावला. त्यानंतर हा पिता हातांत घमेलें घेऊन शहरांतील खड्डे बुजवीत फिरूं लागला. वर्तमानपत्रांनीं त्याचें कौतुक केलें, आम्हींही केलें. पुढें मात्र आमच्या मनांत आलें कीं, या प्रकरणांत ज्याच्याकडे सर्वांत कमी दोष होता त्यानेंच काय तें प्रायश्चित्त घेतलें.

आम्ही हें लिहितों तेव्हां स्वत:स वगळीत नाहीं. सकाळीं स्टेशनकडे चालतांना मोटारवाले आम्हांस उद्दाम वाटतात. आणि रविवारीं बोरिवलीस आप्तांकडे मोटारीनें जातांना हेच चालणारे लोक आम्हांस आंधळे वाटतात. आसन बदललें कीं आमचें नीतिशास्त्र बदलतें. पदपथावर फेरीवाले नकोत म्हणतों, आणि त्यांच्याकडूनच कोथिंबीर घेतों.

तेव्हां मोठ्या सुधारणांची यादी न देतां एक लहानसा हिशेब मांडतों. रस्ता 27 मीटर रुंद आहे असें धरा. सेकंदास 1.2 मीटर ही चाल धरून दिवा लावला, तर ओलांडण्यास सुमारें 23 सेकंद लागतात. आमच्या मातोश्रींची चाल 0.8 मीटरांहून अधिक नाहीं. त्यांना 34 लागतात. हे वरचे अकरा सेकंद शेंकडों गाड्यांतील लोकांनीं इंजिन चालू ठेवून बसून काढावयाचे आहेत. गेल्या महिन्यांत दिवा बदलला तेव्हां त्या रस्त्याच्या मध्यावरच होत्या. त्यांनीं हात वर केला. पुढची रिक्षा थांबली; तिच्या मागच्या मोटारीनें कर्णा वाजविला, आणि तो त्या पलीकडे पोहोंचेपर्यंत वाजतच राहिला.