कोरलेला भोपळा

पाश्चात्त्य देशांत ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्री भोपळा कोरून त्यात दिवा ठेवण्याची चाल आहे. आयर्लंडात हा मान सलगमाचा होता; तेथील लोक अमेरिकेत गेले, तेव्हा तेथला भोपळा मोठा व कोरण्यास सोपा म्हणून त्यांनी तो पत्करला. आपला तांबडा भोपळाही मूळचा अमेरिकेचाच. परंतु कोकणात त्याचे घारगे होतात, दिवे होत नाहीत. यंदा मात्र आमच्या रत्नागिरीच्या घरी नऊ वर्षांच्या पुतण्याने हट्ट धरला, व मांडवावरचा एक भोपळा त्याच्या स्वाधीन करावा लागला.

इकडच्या मुलांचे हात मातीत वाढलेले. दिवाळीचा किल्ला तांबड्या मातीचा, गणपती शाडूचा. बुरूज ढासळला तर पुन्हा रचावा, सोंड मोडली तर ओला गोळा लावावा. माती क्षमाशील आहे. कोरण्याचे तसे नाही. सुरीखालून गेलेला तुकडा पुन्हा जागी बसत नाही. झालेली चूक डोळ्यांसमोर तशीच ठेवून तिच्यासह पुढचे काम करावयाचे, हा धडा मातीत मिळत नाही.

पुतण्याच्या हातून डावा डोळा भलताच मोठा कोरला गेला. तो क्षणभर थांबला. आणि येथेच आमचा अपराध घडला. आम्ही सुरी घेतली व उजवा डोळा डाव्याच्या मापाचा करून दिला. मुखवटा सुबक झाला. 'काका, आता हा तुमचा झाला,' एवढे बोलून मुलगा उठून गेला.

बोट कापेल म्हणून सुरी घेतली, असे आम्ही घरात सांगितले. ते खरे नव्हते. बोटाची काळजी जवळ बसूनही घेता आली असती. आम्हांस सोसवला नाही तो वेडावाकडा डोळा. १९३७ साली वर्ध्यास गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची योजना मांडली. तिची थोरवी आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत! भोपळ्यावरची न पुसणारी चूक ज्याला कधी करू दिली नाही, त्याने बोलून गेलेला शब्द किंवा हुकलेली संधी पुढे कोणत्या बळावर सोसावी?

दिवा दोनच रात्री लागला. पुढे भोपळ्याला बुरशी आली. मांडवावर आणखी एक भोपळा आहे. तो मुलाला द्यावयाचा, हे नक्की. त्या वेळी आम्ही जवळ बसावे की बाहेर फिरावयास जावे, हे अद्याप ठरविता आलेले नाही.