रिकाम्या जागेची राखण

चेंडू जेथें येत नाहीं तेथें उभ्या राहणाऱ्या गड्यास श्रेय किती द्यावें, आणि चेंडू जेथें पडला तेथें नसलेल्या गड्यास दोष किती द्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां खेळाचा आहे. परंतु थोडा विचार केला म्हणजे तो न्यायाचा ठरतो.

व्हॉलीबॉलचें क्रीडांगण १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असतें. म्हणजे प्रत्येक संघाच्या वांट्यास ८१ चौरस मीटर जागा येते, आणि ती सहा जणांनीं राखावयाची असते. जोराचा फटका आला असतां धांवून जाण्यास अवसर मिळत नाहीं. सगळी जागा राखणें अशक्य आहे, हें आधींच कबूल करावें लागतें. कोणती जागा सोडावयाची हें सर्वांनीं मिळून ठरविणें, हेंच सामुदायिक बचावाचें खरें मर्म होय.

प्रतिपक्षाचा गडी फटका मारण्यास उडाला कीं जाळ्यापाशीं आपले दोघे हात उंचावून उडतात. समजा, बाजूच्या रेषेकडील वाट बंद करण्याचें त्यांनीं पत्करलें. मग मागील गडी त्यांच्या हातांच्या आडोशांत उभा राहत नाहीं. तो तिरप्या, उघड्या वाटेवर जातो. आणखी एकजण हळूच टाकलेल्या चेंडूसाठीं पुढें थांबतो. येथें प्रत्येकाची जागा दुसऱ्यानें दिलेल्या वचनावर अवलंबून असते. आतां जाळ्यापाशींच्या गड्यास आयत्या वेळीं मोह झाला, त्यानें हात तिरप्या वाटेकडे नेले, आणि चेंडू रेषेलगत मोकळ्या जागेंत पडला, तर प्रेक्षक बोट कोणाकडे दाखवितील? मागें जो 'वेळेवर पोंचला नाहीं' त्याच्याकडे! डोळा जेथें जातो तेथेंच दोष जातो. कारण मात्र आधींच, जाळ्यापाशीं, घडून गेलेलें असतें.

सोलापुराहून विजापूरकडे जातांना मंद्रूप लागतें. तो भाग काळ्या रानाचा आणि रब्बीच्या ज्वारीचा. कणसांत दाणा भरूं लागला म्हणजे माळ्यावर चढून गोफणीनें पाखरें हाकण्याची तेथील जुनी रीत. शेजारच्या रानांत आरोळी उठली म्हणून राखण्या तिकडे धांवला, तर थवा त्याच्याच शेतांत उतरावयाचा. उलट, पाखरें त्याच्या बाजूस फिरकलीं नाहींत म्हणून त्याची राखण व्यर्थ गेली असें कोणी शेतकरी म्हणत नाहीं. तें न फिरकणें हेंच राखणीचें फळ होय. व्हॉलीबॉलमध्येंहि जाणता गडी भरलेली जागा पाहून फटका दुसरीकडे वळवितो. जो उभा होता, त्याच्या वांट्यास त्या वेळीं चेंडूहि येत नाहीं आणि टाळीहि येत नाहीं.

मग शिक्षकानें खडूनें खूण करून मुलांस तेथें खिळून ठेवावें काय? तसें केल्यास शिस्त दिसेल, पण समज येणार नाहीं. आपली जागा कोणाच्या वचनावर ठरली आहे हें गड्यास कळलें पाहिजे. म्हणजे तें वचन मोडलेलें दिसतांच तो जागा सोडूं शकेल. जें दिसलें त्यासाठीं जागा सोडणें हा विवेक. स्वतः दिसावें म्हणून सोडणें हा मोह. बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात. म्हणूनच शिक्षकाची नजर चेंडूवर नव्हे, गड्यांच्या पायांवर असावी लागते.

१९९८ सालीं आंतरराष्ट्रीय नियमांनीं केवळ बचावासाठीं एक वेगळा गडी मान्य केला. त्याचा पोशाख निराळ्या रंगाचा असतो. जाळ्याच्या वरच्या चेंडूवर हल्ला करण्याची त्यास मुभा नाहीं. राखणाऱ्यास मान देण्याची ही रीत चांगलीच आहे. पण उरलेल्या पांच जणांची राखण निराळ्या रंगानें दाखवितां येत नाहीं. ती ओळखणें शिक्षकाच्याच हातीं राहतें.

गुण गमावल्यावर 'चेंडू कोणाचा होता?' असें न विचारतां त्यानें 'कोणी कोणती वाट पत्करली होती?' असें विचारावें. आणि ज्याच्याकडे चेंडू आलाच नाहीं, पण जो योग्य जागीं उभा होता, त्याचें नांव सर्वांसमक्ष घ्यावें. हा हिशेब मुलांस एकदां पटला, तर हरलेल्या डावानंतरहि कोणी कोणाकडे उगाच बोट दाखविणार नाहीं.