‘वय झाले’ या उत्तराविषयी

ज्या लॅपटॉपवर माझे गेल्या बारा वर्षांतील बहुतेक सारे लेखन झाले, तो २०१३ साली घेतलेला लॅपटॉप गेल्या चैत्रात एकाएकी बिघडला, आणि त्याच्या तक्रारी एक नव्हे, तीन होत्या. अर्धा-पाऊण तास काम झाले की कोणतीही सूचना न देता तो बंद पडे. घरातले वाय-फाय बाकी सर्वांना सुरळीत मिळत असता याच्यापुरते ते मधूनच तुटे. आणि जोडणी शाबूत असतानाही बँकेचे किंवा टपालाचे पान उघडू गेल्यास ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देऊन ते दार लावून घेई. घरात ज्याने ज्याने ही कैफियत ऐकली, त्याने एकच फैसला दिला: वय झाले त्याचे, आता नवा घ्या. मीही तो निमूटपणे मान्य केला होता. पुढे जे घडले त्यावरून मला असे वाटू लागले की, हे तीन शब्द आपण ज्या सहजतेने उच्चारतो त्या सहजतेने ते उच्चारू नयेत. कारण त्यांत एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे, आणि तो सोडवल्याचा आभास उत्पन्न करून आपण पुढे निघून जातो.

तो प्रश्न असा की, काळ हे एखाद्या गोष्टीच्या नाशाचे कारण असू शकते काय?

आपल्या नैयायिकांनी या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. घट उत्पन्न होतो तेव्हा त्याला माती लागते, कुंभार लागतो, चाक आणि दंड लागतो. पण त्याशिवाय ईश्वर, दिक्, अदृष्ट, त्या घटाचा प्रागभाव (म्हणजे तो घडण्यापूर्वीचा त्याचा अभाव) आणि काळ यांचीही अपेक्षा असते, असे ते मानतात. मात्र ही दुसरी मालिका ते वेगळी काढतात आणि तिला साधारण कारणे म्हणतात, कारण घट असो, पट असो, वा दाराची कडी असो, जगात जे जे म्हणून उत्पन्न होते त्या प्रत्येकाच्या मागे ती सारखीच उभी असतात. जे सर्वांचे कारण आहे ते अमक्याचेच कारण म्हणून सांगता येत नाही. घट का झाला, या प्रश्नाला ‘काळामुळे’ हे उत्तर खोटे नाही. पण पट का झाला, याचेही उत्तर तेच असल्यामुळे त्याने घटाविषयी काहीच कळत नाही. विचारणाऱ्याला हवे असते ते असाधारण कारण, म्हणजे ज्याच्या असण्या-नसण्याने याच कार्याचे असणे-नसणे ठरते ते.

या व्यवस्थेत श्रद्धावंताने ध्यानी घ्यावी अशी एक गोष्ट आहे. काळाच्या त्याच पंक्तीत ईश्वर आणि अदृष्ट यांनाही बसवलेले आहे. ज्यांनी ईश्वराची सिद्धी करण्यासाठी आपली बुद्धी झिजवली, त्या उदयनाचार्यांच्या परंपरेनेच हे ठरवले की, ईश्वर सर्वांचे कारण आहे म्हणूनच विशिष्ट घटाची चौकशी करताना त्याच्याकडे बोट दाखवून थांबता येणार नाही. दंड आणि चाक शोधलेच पाहिजे. ‘देवाची इच्छा’, ‘नशीब’ आणि ‘वय झाले’ ही तीन उत्तरे एकाच जातीची आहेत. ती श्रद्धेच्या ठिकाणी यथार्थ असतील, पण तपासाच्या ठिकाणी ती तपास तहकूब करण्याचा हुकूम ठरतात.

मग हा हुकूम आपल्याला इतका पटतो का? कारण त्यात लाघव आहे. तीन तक्रारींना तीन कारणे मानण्यापेक्षा एक मानणे बुद्धीला सोपे जाते, आणि लाघव हा तर्काचा गुणच आहे. परंतु ज्याने सर्वच गोष्टींचा उलगडा होतो त्याने कशाचाच होत नाही, हे लाघवाच्या मोहात विसरले जाते. दुसरा मोह याच्या अगदी उलट दिशेचा. माझा भाचा दोन दिवस राहून गेला होता आणि त्याने या यंत्रावर एक खेळ घातला होता; त्यानंतर आठवडाभरातच यंत्र बिघडले, तेव्हा संशय त्याच्यावर गेला. शेजाऱ्यांनी नवी वाय-फायची पेटी बसवली होती. काही दिवस तीही आरोपी झाली. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचाननांनी ‘कारिकावली’त जी पाच अन्यथासिद्धे सांगितली आहेत, म्हणजे कार्याच्या आधी हजर असूनही जी कारणे नव्हेत, त्यांत शेवटचे आहे कुंभाराच्या अंगणात उभे असलेले गाढव. ते घटाच्या आधी तेथे होते, कदाचित मातीही त्यानेच वाहून आणली असेल. पण माती दुसऱ्या कोणी आणली असती तरी घट झालाच असता. भाचा या प्रकरणात ते गाढव होता, आणि मी त्याच्याविषयी मनात जे चार दिवस वाईट आणले त्याचे मला आज मनापासून वाईट वाटते.

मुंबईत डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ज्याला लोक अजूनही लॅमिंग्टन रोड म्हणतात, यंत्रांच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची दुकाने ओळीने आहेत. त्यांपैकी एका जिन्याखालच्या खोपटीत बसणाऱ्या तरुणाकडे मी अखेर हे यंत्र नेले. त्याने ते लगेच उघडले नाही. अगोदर त्याने मला साक्षीदाराला विचारावे तसे प्रश्न विचारले: मेजावर ठेवून बंद पडतो की गादीवर? पडदा किती मागे कलवता? रात्री भिंतीवरचे बटण बंद करता का? मग त्याने यंत्राखाली दोन जाड ठोकळे सरकवून ते उंच केले, टेबलपंखा त्याच्याकडे वळवला आणि एक चित्रफीत लावून दिली. पाऊण तास ती बिनतक्रार चालली. मग त्याने ठोकळे काढले, पंखा बंद केला आणि यंत्र एका घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवले. बाविसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. मी म्हटले, वाय-फायचेही आताच पाहून टाकू. तो म्हणाला, “काका, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि चाललं, तर कशामुळे चाललं ते कळत नाही.”

अन्वय आणि व्यतिरेक यांची इतकी स्वच्छ व्याख्या मी कोणत्याही वर्गात ऐकलेली नाही. उष्णता अडली की बंद पडणे. उष्णता वाहती झाली की न पडणे. त्याने मागचे झाकण काढले तेव्हा पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या नळीला लागून असलेल्या जाळीवर, बारा वर्षांची धूळ दाबून बसवलेल्या लोकरीसारखी बसली होती. त्याने ती चिमट्याने सोलून एका तुकड्यात बाहेर काढली. प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी जो मऊ लेप असतो, तो वाळून खडूसारखा भुरभुरत होता. प्रोसेसरचे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले की तो स्वतः जळू नये म्हणून वीजच तोडतो. म्हणजे ज्याला मी मृत्यूचे लक्षण समजत होतो, ती त्याने आत्मरक्षणासाठी केलेली कृती होती.

असुरक्षित जोडणीच्या इशाऱ्याचे मूळ अधिक विस्मयकारक निघाले. मुख्य बॅटरी फुगली म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ती काढून टाकली होती, आणि रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची मला जुनी सवय. अशा वेळी यंत्रातील घड्याळ एका नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते: सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाची आणि ३.२ मिलिमीटर जाडीची. तिच्या बळावर गारगोटीचा एक इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावत दिवस मोजत राहतो. ती बॅटरी संपली होती. परिणामी रोज सकाळी माझे यंत्र १ जानेवारी २०१३ या दिवशी जागे होई. सुरक्षित पान उघडताना त्या पानाकडून एक प्रमाणपत्र येते, त्यावर कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंतची मुदत आहे ते लिहिलेले असते, आणि यंत्र ती मुदत आपल्या घड्याळाशी ताडून पाहते. माझ्या यंत्राच्या हिशेबी ती सारी प्रमाणपत्रे अद्याप जन्मालाच आलेली नव्हती. म्हणून ते प्रत्येकाची ओळख प्रामाणिकपणे नाकारत होते. जोडणीत दोष नव्हता, ‘आज’ हरवला होता. ज्याला आपण काळाने केलेली हानी म्हणत होतो, ती काळाचे भान राखणाऱ्या एका किरकोळ किमतीच्या वस्तूच्या संपण्याची हानी होती.

वाय-फाय तुटण्याची तक्रार मात्र पूर्ण मिटली नाही. लॅपटॉपची वाय-फायची अँटेना पडद्याच्या कडेला बसवलेली असते, आणि तिच्या केसाएवढ्या बारीक तारा बिजागरीतून खाली येतात. बारा वर्षे पडदा उघडता-मिटता त्यांतली एक आतल्या आत पिचली होती. तरुणाने पडदा हळूहळू मागे कलवला, तसतशा पडद्यावरच्या चार रेघांच्या तीन, दोन, एक झाल्या. पुढे आणताच त्या पुन्हा भरल्या. या जातीची तार आता बाजारात येत नाही. बाहेरून लावायचा एक लहान अडॅप्टर त्याने दिला आणि म्हणाला, “एरवी पडदा जरा पुढेच ठेवा.”

येथे एक आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. जरा, म्हणजे म्हातारपण, म्हणून काही नाहीच काय? सुश्रुतांनी भूक, तहान, निद्रा आणि मृत्यू यांच्याबरोबर जरेलाही स्वाभाविक व्याधींत गणले आहे; मग तिला नाकारणारे आपण कोण? मी जरा नाकारीत नाही. मी एवढेच म्हणतो की, ‘जरा’ हे एका कारणाचे नाव नसून पुष्कळ लहान लहान कारणांच्या समुदायाचे नाव आहे, आणि समुदायाच्या नावाने त्यातील प्रत्येकाला शिक्षा ठोठावणे हा न्याय नव्हे. कधी तर म्हातारपण निव्वळ हुकमाने येते: १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि पुढच्या आवृत्तीच्या अटीत न बसणारी असंख्य धडधाकट यंत्रे एका रात्रीत जुनी ठरली, त्यांच्या अंगी काहीही झिजले नव्हते. चरकांनी व्याधींची जी विभागणी केली आहे ती या दृष्टीने फार मोलाची आहे. काही व्याधी सुखसाध्य, काही कृच्छ्रसाध्य, काही असाध्य. आणि या दोन टोकांच्या मध्ये ज्या बऱ्या होत नाहीत पण पथ्योपचाराने ज्यांच्यासह दीर्घकाळ जगता येते, त्या याप्य. माझ्या यंत्राचे घड्याळ सुखसाध्य होते, उष्णता कृच्छ्रसाध्य, आणि बिजागरीतील तार याप्य. ‘वय झाले’ या एका शिक्क्याखाली हे तिन्ही असाध्यांच्या दफ्तरी जमा झाले होते.

देहत्यागाविषयी बोलताना गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जीर्ण वस्त्र टाकून नवे घेण्याचा दृष्टांत येतो, आणि टाकण्याला तो दाखला म्हणून पुढे करणारे पुष्कळ भेटतात. परंतु तो दृष्टांत मरणाचा शोक हलका करण्यासाठी दिलेला आहे. जिवंतपणी हयगय करण्याची मुभा त्यात नाही. ज्या घरांतून तो अध्याय रोज म्हटला जाई, त्याच घरांतून जीर्ण लुगड्यांची घडीवर घडी घालून वाकळ शिवली जाई, आणि तिच्यात विरलेला भाग कोठे घालायचा व धड काठ कोठे वापरायचा हे शिवणारीला बोटांनी कळत असे. जीर्ण काय आणि धड काय, हे एकाच वस्त्रात निरनिराळे पाहता येणे, याला मी विवेक म्हणतो.

हे सारे एका यंत्रापुरते असते तर मी लिहिले नसते. माझी आई ८४ वर्षांची आहे. वर्षभरापासून ती आमचे बोलणे ऐकेनाशी झाली होती, दोनदा-तीनदा सांगावे लागे, आणि आम्ही भावंडे एकमेकांकडे पाहून तोच फैसला देत होतो. ती मात्र मला म्हणायची, “तू हल्ली पुटपुटतोस रे.” मला ते तिचे समाधान वाटे. लॅपटॉप घेऊन लॅमिंग्टन रोडवरून परतलो, त्या रात्री मला झोप आली नाही. यंत्राला मी जो तपास दिला तो आईला दिला नव्हता. त्या आठवड्यात तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. दोन्ही कानांत मळ घट्ट होऊन बसला होता; तो काढल्यावर जिना उतरताना ती थांबली आणि म्हणाली, “केवढा गोंगाट आहे या रस्त्यावर.” पुढे श्रवणचाचणी झाली. डाव्या कानाचे आतले बळ खरोखरच उणे झालेले आहे. तेथील केशपेशी एकदा गेल्या की मनुष्याच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. उंच स्वराचे आवाज आधी जातात, म्हणून ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने तिला गळून ऐकू येतात, आणि शब्दाचा सांगाडा गेला की उरतो तो पुटपुटण्यासारखाच आवाज. तिची तक्रार अक्षरशः खरी होती. ओरडल्याने उपयोग नसतो. सावकाश आणि समोरून बोलल्याने असतो.

म्हणजे तिच्याही बाबतीत काही साध्य होते आणि काही याप्य आहे. कीर्तनाला जाताना ती श्रवणयंत्र लावते. घरी आली की काढून डबीत ठेवते. संध्याकाळी दिवेलागणीनंतर मी तिच्या उजव्या बाजूला पाट ओढून बसतो, तिला माझे ओठ दिसतील एवढा तिच्याकडे वळतो, आणि दिवसभराचे सांगू लागतो.