विषाद कुणाच्या वाट्याला?

कर्करोगाला आपण शत्रू म्हणतो, पण शरीराच्या लेखी तो शत्रू नसतोच. सगळी अडचण तिथेच आहे. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी थायमस ग्रंथीत घडतात आणि तिथेच त्यांची परीक्षा होते. जी पेशी स्वतःच्याच शरीरावर जोराने धावून जाते ती बहुधा तिथेच संपवली जाते. बाहेर पडते ती आपल्यांवर हात न उचलणारी. कर्करोगाची पेशी परकी नव्हे, घरातच बिघडलेली, म्हणून या संस्काराचा तिला आडोसा मिळतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन नेमका याच जागी उभा आहे. समोरचे ओळखू येत नाहीत म्हणून तो धनुष्य टाकत नाही. स्वजन म्हणून ओळखू येतात म्हणून टाकतो.

आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियल केंद्राचे डॉक्टर यांनी घडवलेला नेक्सकार-१९ हा रक्ताच्या काही कर्करोगांवरचा उपचार या पेचावर तोडगा काढतो. त्याला ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात परवानगी मिळाली. रुग्णाचे रक्त काही तास यंत्रातून फिरवून टी पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात एक नवे जनुक घालतात, त्या वाढवतात आणि सलाईनसारख्या पिशवीतून परत देतात. जनुकामुळे पेशीच्या अंगावर नवा ग्राहक (रिसेप्टर) उगवतो आणि तो सीडी-१९ नावाचे प्रथिन पकडतो. पेशीला कर्करोग ओळखायला शिकवले, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. सीडी-१९ कर्करोगाच्या पेशींप्रमाणे प्रतिपिंडे बनवणाऱ्या निरोगी बी पेशींवरही असते, आणि ही पेशी दोघींनाही सारख्याच निष्ठेने मारते. म्हणून रोग हटलेल्या रुग्णाच्या रक्तात कित्येकदा महिनोन्महिने बी पेशी सापडत नाहीत. काहींना प्रतिपिंडे बाहेरून द्यावी लागतात. बी पेशींवाचून माणूस जगू शकतो, सबब त्यांचा बळी चालेल, हा हिशेब पेशीने केलेला नाही, माणसाने केला आहे. फुफ्फुसाच्या किंवा स्वादुपिंडाच्या गाठीवर हीच युक्ती अजून नीट चालत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच : तिथे ज्यांचा बिनधोक बळी देता येईल अशा पेशींवरचे चिन्ह सहजी सापडत नाही. विवेक पेशीत नाहीच. अर्जुनाला निदान प्रश्न विचारता आले. इथे लढणाऱ्याला विषाद होत नाही, तो लढायला पाठवणाऱ्याकडे राहतो.

श्रद्धाळू माणूस म्हणेल, आप-पराची ही रेघ देवाने आखली, ती पुसणारे तुम्ही कोण? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण रेघ मुळातच पक्की नाही. लहान मुलांच्या मधुमेहात शरीर इन्सुलिन करणाऱ्या आपल्याच पेशी मारते; रक्ताच्या कर्करोगात मारायला हवे ते सोडते. जी रेघ निसर्गालाच सांभाळता येत नाही, तिला धर्माज्ञा मानणे अवघड आहे. उलट बाजूने कोणी म्हणेल, हे निव्वळ रसायन, यात विवेक कसला आणि विषाद कसला? पण २०२५मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त आलेले याच उपचाराचे निष्कर्ष पाहा : सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, आणि उपचाराशी संबंधित असे दोन मृत्यूही झाले. चेतलेल्या पेशींच्या रसायनांनी ताप चढतो, रक्तदाब कोसळतो, हे रसायनशास्त्र सांगेल. इतर उपाय थकलेल्या रुग्णापुढे हा धोका ठेवावा की नाही, हे ते सांगणार नाही.

आणि प्रश्न शरीरापाशी थांबत नाही. परदेशात तीन-चार कोटींच्या घरात जाणारा असा उपचार इथे चाळीस लाखांच्या आसपास आला, याला आपण स्वस्त म्हणतो. ‘स्वस्त’ हा शब्द कल्याणजवळच्या मोहन्यात उच्चारून पाहावा. तिथला एनआरसी हा रेयॉनचा कारखाना २००९मध्ये बंद पडला, आणि त्याच्या पगारावर उभ्या राहिलेल्या घरांना चाळीस लाख म्हणजे राहते घर विकूनही न जमणारी रक्कम. खर्च कोणी उचलायचा हे ठरवतानाही आपण कोणाला स्वजन मानायचे तेच ठरवत असतो, फक्त तिथे सीडी-१९सारखे सोयीचे चिन्ह शोधावे लागत नाही. रेशनकार्डाचा रंग पुरतो. टाटा मेमोरियलचे खारघरचे केंद्र, जिथे जून २०२१मध्ये पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या, मोहन्याहून फार लांब नाही. आंबिवलीला लोकल पकडायची, ठाण्याला उतरून पनवेलची गाडी धरायची.